विनफॉर्म्समध्ये कीबोर्ड आणि माउसचे संदेश वाटेतच कसे तपासावेत

ठाण्यात नौपाड्याच्या गोखले रोडवरील एखाद्या किराणा किंवा औषधांच्या दुकानासाठी बिलिंगचा प्रोग्राम लिहायला घेतला, की मालकाच्या मागण्या साधारण अशा येतात. माउसच्या चाकाने लांब फॉर्म वरखाली करताना मधल्या ड्रॉपडाउनमधील ग्राहकाचे खाते आपोआप बदलू नये. काउंटरवरचा माणूस उठून गेला, तर पाच मिनिटांनी पडद्याला कुलूप लागावे. कर्सर कोणत्याही रकान्यात असला, तरी बारकोड स्कॅन होताच ती वस्तू बिलात यावी. आणि नगसंख्येच्या रकान्यात अक्षरे टाइप होऊ नयेत.

यांपैकी पहिल्या तीन मागण्या कोणत्याही एका कंट्रोलच्या नाहीत. त्या संपूर्ण प्रोग्रामच्या आहेत. तरीही त्या पूर्ण करण्यासाठी प्रत्येक फॉर्मवरील प्रत्येक टेक्स्टबॉक्सला ‘कीडाउन’ आणि ‘माउसमूव्ह’चे इव्हेंट जोडण्याची पद्धत सर्रास दिसते. सहा महिन्यांनी नवा फॉर्म वाढतो, तो लिहिणारा दुसराच असतो, त्याला हे जोडकाम ठाऊक नसते आणि त्या एका फॉर्मवर स्कॅनर चालेनासा होतो. अशा मागण्यांसाठी विनफॉर्म्समध्ये, म्हणजे विंडोजवरचे प्रोग्राम लिहिण्याच्या मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटमधील संचात, ‘आयमेसेजफिल्टर’ हा इंटरफेस आहे. २००२ मध्ये डॉट नेटची पहिली आवृत्ती आली तेव्हापासून तो आहे आणि आजच्या डॉट नेटमध्येही तो त्याच रूपात चालतो. चौथी मागणी मात्र फिल्टरकडे देऊ नये. ती का देऊ नये, हेही पुढे सविस्तर पाहू. वाचकाला सी शार्प आणि विनफॉर्म्सचा प्राथमिक परिचय आहे, असे येथे गृहीत धरले आहे.

संदेशाचा प्रवास

की दाबली किंवा माउस हलवला, की त्याची खबर आधी विंडोजकडे जाते आणि विंडोज ती ज्या थ्रेडची विंडो असेल त्या थ्रेडच्या संदेशांच्या रांगेत टाकते. ‘ॲप्लिकेशन.रन’ ही ओळ जे चक्र सुरू करते, ते या रांगेतून एकेक संदेश काढते, कीबोर्डचा संदेश असेल तर त्यापासून अक्षराचा संदेश तयार करवून घेते आणि शेवटी तो संबंधित विंडोच्या ‘विंडप्रॉक’कडे, म्हणजे संदेश हाताळणाऱ्या पद्धतीकडे, सोपवते. फिल्टर बसतो तो रांगेतून संदेश बाहेर आल्यानंतर आणि बाकीचे काहीही घडण्यापूर्वी. फॉर्मची शॉर्टकट हाताळणारी ‘प्रोसेसकमांडकी’, डीफॉल्ट बटणाला एंटर पोचवणारी व्यवस्था, अक्षर तयार करणारी ‘ट्रान्सलेटमेसेज’ ही सारी मंडळी फिल्टरच्या नंतर येतात.

याचे दोन परिणाम लक्षात ठेवण्याजोगे आहेत. पहिला असा, की कीडाउनचा संदेश फिल्टरने अडवला, तर त्यापासून अक्षराचा संदेश तयारच होत नाही. दुसरा अधिक महत्त्वाचा आहे. विंडोजमध्ये संदेश दोन रीतींनी जातात: ‘पोस्टमेसेज’ने रांगेत टाकून किंवा ‘सेंडमेसेज’ने थेट विंडोच्या हातात देऊन. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या संकुलात फाटकावरचा सुरक्षारक्षक बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाची वहीत नोंद करतो, पण तिसऱ्या मजल्यावरचा शेजारी चौथ्या मजल्यावर चहाला गेला तर त्याची नोंद कुठेच होत नाही. फिल्टरची स्थिती तीच आहे. सेंडमेसेजने गेलेले संदेश त्याला दिसत नाहीत. कीबोर्ड आणि माउसचे मूळ संदेश रांगेतूनच येत असल्यामुळे आपल्या कामाला ही मर्यादा सहसा आड येत नाही, पण ‘सगळेच संदेश माझ्या फिल्टरमधून जातात’ या समजुतीवर काहीही उभारू नये.

फिल्टर लिहिणे आणि नोंदवणे

आयमेसेजफिल्टरमध्ये एकच पद्धत आहे, ‘प्रीफिल्टरमेसेज’. तिला ‘मेसेज’ ही रचना मिळते आणि ती ट्रू किंवा फॉल्स परत देते. ट्रू म्हणजे ‘हा संदेश येथेच संपला’, फॉल्स म्हणजे ‘पुढे जाऊ द्या’. नवख्या माणसाची येथे नेमकी उलट समजूत होण्याची शक्यता असते, कारण ट्रू म्हणजे ‘ठीक आहे, जाऊ दे’ असे मनाला वाटते. म्हणून पद्धत लिहिताना सर्वात आधी शेवटची ओळ लिहावी, ती म्हणजे फॉल्स परत देणारी, आणि मग तिच्या वर मोजके अपवाद घालावेत. अनोळखी संदेश अडवणारा फिल्टर म्हणजे मृत पडदा.

मेसेजमध्ये आपल्या उपयोगाच्या चार गोष्टी असतात. ‘एचविंड’ हे ज्या विंडोसाठी संदेश आहे तिचे हँडल, ‘एमएसजी’ हा संदेशाचा क्रमांक, आणि ‘डब्ल्यूपॅरम’ व ‘एलपॅरम’ ही तपशिलाची दोन मूल्ये. विनफॉर्म्समध्ये संदेशांच्या क्रमांकांना तयार नावे दिलेली नाहीत, त्यामुळे आपल्या वर्गाच्या माथ्यावर ती स्थिरांक म्हणून लिहून घ्यावी लागतात. दशमान पद्धतीत सांगायचे तर कीडाउन २५६, कीअप २५७, अक्षराचा संदेश २५८ आणि ऑल्टसह दाबलेल्या कीसाठीचा सिसकीडाउन २६० आहे. माउस हलल्याचा संदेश ५१२, डावे बटण दाबल्याचा ५१३, ते सोडल्याचा ५१४, उजवे बटण दाबल्याचा ५१६ आणि चाक फिरल्याचा ५२२ आहे. कीडाउनमध्ये डब्ल्यूपॅरम हा कीचा आभासी क्रमांक असतो: एंटर १३, एस्केप २७, वरच्या ओळीतील ० ते ९ यांचे ४८ ते ५७, उजवीकडच्या अंकफलकाचे ९६ ते १०५.

डब्ल्यूपॅरम आणि एलपॅरम वाचताना ‘टूइंट३२’ वापरू नये. ६४ बिटच्या प्रोग्रामात मूल्य मर्यादेबाहेर गेले, तर ती पद्धत अपवाद (एक्सेप्शन) फेकते, आणि मुख्य पडद्याच्या वर दुसरा पडदा जोडलेल्या टेबलावर ऋण निर्देशांकांमुळे हे अचानक घडते. आधी ‘टूइंट६४’ करून त्यातून खालचे आणि वरचे १६ बिट वेगळे काढावेत आणि निर्देशांक असतील तर ते चिन्हासह वाचावेत.

पद्धतीला मेसेज ‘रेफ’ म्हणून मिळतो म्हणून त्यात बदल करून एका कीची दुसरी की करता येईल, असा मोह होतो. मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवजात स्पष्ट म्हटले आहे, की हा संदेश येथे बदलता येत नाही. बदल हवाच असेल, तर मूळ संदेश अडवून आपला नवा पाठवावा लागतो.

फिल्टरची नोंदणी ‘ॲप्लिकेशन.ॲडमेसेजफिल्टर’ने, मेन पद्धतीत, ॲप्लिकेशन.रनच्या आधी करावी. नोंदणी चालू थ्रेडपुरती असते. एखादा स्वागत-पडदा वेगळ्या थ्रेडवर स्वतःच्या चक्रासह चालत असेल, तर तेथे तो फिल्टर लागू होत नाही. अनेक फिल्टर असतील, तर आधी नोंदवलेला आधी पाहतो आणि त्याने ट्रू दिले की पुढच्यांपर्यंत संदेश पोचत नाही. म्हणून केवळ पाहणारे फिल्टर आधी आणि अडवणारे नंतर नोंदवावेत. एखाद्या फॉर्मपुरताच फिल्टर लागत असेल, तर फॉर्म उघडताना तो नोंदवून बंद होताना ‘रिमूव्हमेसेजफिल्टर’ने काढावा, तसे न केल्यास फिल्टरकडे असलेल्या संदर्भामुळे बंद झालेला फॉर्मही स्मृतीत टिकून राहतो.

चाक आणि ड्रॉपडाउन

सोप्या मागणीपासून सुरुवात करू. वाशीच्या बाजार समितीतील एखाद्या मसाल्याच्या व्यापाऱ्याचा विक्रीचा फॉर्म उंच असतो, खाली-वर करावा लागतो आणि चाक फिरवताना पॉइंटर किंवा फोकस ड्रॉपडाउनवर असला, की निवडलेले खाते निमूटपणे पुढचे होते. चूक रात्रीच्या हिशेबापर्यंत कळत नाही.

फिल्टरने करायचे इतकेच. क्रमांक ५२२ नसेल, तर लगेच फॉल्स द्यावे. असेल, तर ‘कंट्रोल.फ्रॉमचाइल्डहँडल’ला एचविंड देऊन कंट्रोल मिळवावा. येथे ‘फ्रॉमहँडल’ वापरू नये, कारण टाइप करता येणाऱ्या कॉम्बोबॉक्सच्या, म्हणजे ड्रॉपडाउनच्या, पोटात विंडोजचा स्वतःचा एक छोटा एडिट कंट्रोल असतो. संदेश त्याच्या हँडलवर येतो आणि फ्रॉमहँडलला त्याचा मालक सापडत नाही, तर फ्रॉमचाइल्डहँडल पालकांच्या साखळीने वर जात कॉम्बोबॉक्सपर्यंत पोचते. मिळालेला कंट्रोल कॉम्बोबॉक्स असेल आणि त्याची यादी उघडलेली नसेल, तर ट्रू द्यावे. ग्रिडच्या आतला ड्रॉपडाउन कॉम्बोबॉक्सपासूनच बनलेला असल्यामुळे तोही या नियमात येतो. अंक वरखाली करणारा ‘न्यूमरिकअपडाउन’ मात्र येत नाही. त्याचा आतला टेक्स्टबॉक्स आधी सापडतो, म्हणून तेथे पालकही तपासावा.

एवढे केल्यावर तक्रार उलटते: ड्रॉपडाउनवर पॉइंटर आला, की फॉर्मच हलायचा थांबतो. विंडोज १० पासून पॉइंटरखालील विंडोला चाक मिळावे, ही सोय सेटिंगमध्ये सुरुवातीपासूनच चालू असल्यामुळे हे वारंवार जाणवते. उपाय असा, की ट्रू देण्यापूर्वी तोच क्रमांक आणि तीच दोन मूल्ये सेंडमेसेजने बाहेरच्या स्क्रोल होणाऱ्या पॅनेलला द्यावीत. सेंडमेसेज फिल्टरला वळसा घालून जाते, म्हणून आपलाच संदेश पुन्हा आपल्याकडे येण्याची भीती नाही.

पाच मिनिटांचे कुलूप

येथे फिल्टर काहीही अडवत नाही. कीबोर्डचे २५६ ते २६५ आणि माउसचे ५१२ ते ५२६ या पट्ट्यांतील संदेश आला, की ‘शेवटची हालचाल’ या चलात वेळ नोंदवायची आणि फॉल्स द्यायचे. शीर्षकपट्टीवर फिरणाऱ्या माउसचे क्रमांक वेगळे आहेत, हलल्याचा १६० आणि डाव्या बटणाचा १६१. ते घेतले नाहीत, तर विंडो हलवणारा माणूस निष्क्रिय ठरतो. दुसरीकडे साधा टायमर दर सेकंदाला पाहतो, की पाच मिनिटे उलटली का.

वेळ मोजण्यासाठी ‘एन्व्हायर्नमेंट.टिककाउंट’ घेण्याची सवय असते, पण ते ३२ बिटचे मूल्य सुमारे २४.९ दिवसांनी ऋण होते. कार्यालयातील संगणक रोज बंद होतो. गोदामातील किंवा दवाखान्याच्या स्वागतकक्षातील संगणक महिनोन्महिने बंद होत नाही. म्हणून नव्या डॉट नेटमध्ये ‘टिककाउंट६४’ आणि जुन्या फ्रेमवर्कमध्ये ‘स्टॉपवॉच’ वापरावे. भिंतीवरच्या घड्याळाची वेळ देणारे ‘डेटटाइम.नाउ’ वापरू नये, कारण कोणी घड्याळ दुरुस्त केले की कुलूप लागते किंवा लागतच नाही.

यातील खरी खोच ५१२ या क्रमांकात आहे. माउस जागचा हललेला नसतानाही विंडोज ‘माउस हलला’ असा संदेश पाठवू शकते. पॉइंटरखाली एखादी विंडो उघडली, मिटली किंवा सरकली, की त्या जागी आता कोणती विंडो आहे हे ठरवण्यासाठी तसे केले जाते. पडद्यावर आपणहून बदलणारे काही असेल, तर त्याच्या हालचालीने कुलूप पुढे ढकलले जाते आणि प्रोग्राम मालकाच्या टेबलावर कधीच कुलूपबंद होत नाही, तर तुमच्या टेबलावर अचूक होतो. उपाय सोपा आहे: पॉइंटरची पडद्यावरील जागा मागच्या खेपेशी ताडून पाहावी आणि ती बदलली असेल तरच वेळ नोंदवावी.

दुसरी अडचण ‘मेसेजबॉक्स’ची. तो उघडा असताना विंडोजचे स्वतःचे चक्र चालते, विनफॉर्म्सचे नव्हे, आणि त्या चक्रात आपला फिल्टर बोलावला जात नाही. टायमर मात्र चालतच राहतो. परिणामी ‘बिल जतन करायचे का?’ या प्रश्नाच्या पाटीवर कोणी माउस फिरवत विचार करत असेल, तरी कुलपाचा पडदा येऊ शकतो. फाइल निवडण्याची खिडकी उघडी असताना आणि विंडो शीर्षकपट्टीने ओढत असतानाही असेच होते. ‘शोडायलॉग’ने उघडलेल्या आपल्या फॉर्मला ही बाधा नाही, कारण तेथे चक्र विनफॉर्म्सचेच असते. तेव्हा प्रश्न विचारण्यासाठी आपला लहानसा फॉर्म करून तोच सगळीकडे वापरणे सोयीचे. त्यावरची बटणे मराठीत लिहिता येतात, हा आणखी एक लाभ.

‘गेटलास्टइनपुटइन्फो’ हे विंडोजचे तयार कार्य असताना फिल्टर कशाला, असा प्रश्न योग्यच आहे. ते कार्य संगणकावरील त्या वापरकर्त्याच्या संपूर्ण सत्राची शेवटची हालचाल सांगते, आपल्या प्रोग्रामची नाही. ब्राउझरमध्ये रमलेल्या माणसाच्या मागे बिलिंग उघडेच राहावे का, यावर निवड अवलंबून आहे.

स्कॅनर

काउंटरवरचे बहुतेक स्कॅनर यूएसबीने जोडल्यावर स्वतःला कीबोर्ड म्हणवतात. बारकोड वाचला, की ते एकेक की दाबल्यासारखे अंक पाठवतात आणि बहुधा शेवटी एंटर. काम सुरू करण्यापूर्वी नोटपॅड उघडून दोन-चार वस्तू स्कॅन कराव्यात आणि शेवटी एंटर येतो का, आधी काही येते का, हे डोळ्यांनी पाहावे. किराणा मालावर सहसा १३ अंकी ईएएन, म्हणजे वस्तूचा बारकोड क्रमांक, असतो. भारतातील संस्थेने दिलेला क्रमांक ८९० ने सुरू होतो.

प्रोग्रामला प्रश्न पडतो, की हे अंक माणसाने टाइप केले की स्कॅनरने पाठवले. प्रचलित उत्तर वेगाचे आहे: दोन कींमधील अंतर अगदी थोडे असेल, तर तो स्कॅनर. हे उत्तर मला अपुरे वाटते. पहिला अंक आला त्या क्षणी पुढचा वेगाने येणार की नाही, हे ठाऊक नसते, त्यामुळे एकतर पहिले एक-दोन अंक त्या वेळच्या रकान्यात सांडतात, नाहीतर प्रत्येक की थोडा वेळ रोखून धरून मग सोडावी लागते आणि भरभर टाइप करणाऱ्या माणसाला कीबोर्ड जड वाटू लागतो. शिवाय मुख्य थ्रेड डेटाबेसवर अडकला असेल, तर रांगेत साठलेल्या माणसाच्या कीसुद्धा एकदमच बाहेर पडतात आणि स्कॅनरसारख्या दिसतात. वेग वापरणे भागच असेल, तर फिल्टरमध्ये संदेश पोचला तेव्हाची वेळ घेऊ नये. ‘गेटमेसेजटाइम’ने संदेश तयार झाला तेव्हाची वेळ घ्यावी.

याहून खात्रीचा मार्ग स्कॅनरलाच कामाला लावण्याचा आहे. त्याच्यासोबतच्या पुस्तिकेत सेटिंग बदलण्याचे बारकोड छापलेले असतात. ते स्कॅन करून बहुतेक स्कॅनरना प्रत्येक वाचनाआधी एक उपसर्ग पाठवायला सांगता येते. प्रोग्राममध्ये कोठेही न वापरलेली एखादी की, समजा एफ१२, निवडावी. तिचा आभासी क्रमांक १२३ आहे. मग फिल्टरला अंदाज करावा लागत नाही. त्याच्या दोनच अवस्था राहतात, ‘मोकळा’ आणि ‘गोळा करत आहे’.

मोकळ्या अवस्थेत कीडाउनमध्ये १२३ आला, तर साठवण रिकामी करावी, वेळ नोंदवावी, अवस्था बदलावी आणि ट्रू द्यावे. मात्र एलपॅरममधील ३० क्रमांकाचा बिट आधी पाहावा. तो १ असेल, तर की आधीपासूनच दाबलेली आहे, म्हणजे कोणाचे बोट किंवा एखादे पाकीट एफ१२ वर विसावले आहे. गोळा करण्याच्या अवस्थेत ४८ ते ५७ किंवा ९६ ते १०५ आले, तर त्यांचा अंक साठवणीत जोडून ट्रू द्यावे. १३ आला, तर साठवण पुढे पाठवावी, अवस्था मोकळी करावी आणि ट्रू द्यावे. हा एंटर सुटला, तर फॉर्मचे डीफॉल्ट बटण दाबले जाऊन अर्धवट बिल जतन होते, आणि म्हणूनच एंटर अक्षराच्या संदेशात नव्हे तर कीडाउनमध्येच पकडायचा असतो. ज्या कीचे दाबणे गिळले, तिचे सुटणे म्हणजे २५७ हाही गिळावा.

गोळा करण्याच्या अवस्थेला मुदत असलीच पाहिजे. अर्ध्या सेकंदात एंटर आला नाही, तर पुढच्या कीला अवस्था मोकळी करून ती की सोडून द्यावी. मुदत नसेल आणि कोणी हाताने एफ१२ दाबला, तर कीबोर्डवरचे सगळे अंक नाहीसे होऊ लागतात आणि दुकानातून फोन येतो तो ‘कीबोर्ड बिघडला’ म्हणून.

मराठीत टाइप करणाऱ्या काउंटरवर आणखी एक गोष्ट घडते. अक्षराच्या २५८ या संदेशातून अंक वाचले, तर चालू लेआउट काय आहे त्यावर उत्तर ठरते. मराठी लेआउटवर देवनागरी अंक किंवा भलतेच अक्षर येऊ शकते. कीडाउनमधला आभासी क्रमांक वरच्या ओळीतील अंकांसाठी लेआउट बदलला तरी तोच राहतो, म्हणून वरची रचना कीडाउनवर उभी केली आहे. उच्चारानुसार टाइप करण्याच्या काही साधनांत मात्र की आधी ते साधन उचलते आणि आपल्याला डब्ल्यूपॅरममध्ये केवळ २२९ दिसतो. तेथे या मार्गाचा उपयोग नाही. अशा ठिकाणी, तसेच अक्षरे आणि अंक मिसळलेले कोड वाचायचे असतील तेथे, विंडोज एक्सपीपासून उपलब्ध असलेल्या ‘रॉ इनपुट’कडे जावे, त्यात कोणत्या उपकरणाने की पाठवली हेच कळते. त्याचा व्याप मोठा आहे आणि तो वेगळा विषय आहे.

साठवण पुढे पाठवताना फिल्टरमध्येच डेटाबेस उघडून वस्तू शोधू नये आणि तेथून मेसेजबॉक्स तर कधीच दाखवू नये. फिल्टर प्रत्येक संदेशाला चालतो आणि तो थांबला की सारा पडदा थांबतो. मुख्य फॉर्मच्या ‘बिगिनइन्व्होक’ने क्रमांक देऊन लगेच परत यावे, वस्तू शोधणे आणि ईएएनचा तपासणी अंक पडताळणे फॉर्मने करावे. तो पडताळा सोपा आहे: पहिल्या १२ अंकांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज करावी, आणि त्या बेरजेला पुढच्या दहाच्या पटीपर्यंत जायला जितके लागेल तितका तेरावा अंक असला पाहिजे. त्याच कारणास्तव फिल्टरमध्ये अपवाद पकडावा, त्याची नोंद करावी आणि फॉल्स द्यावे. फिल्टरमधून अपवाद बाहेर निसटू देऊ नये.

नगसंख्येचा रकाना फिल्टरकडे का देऊ नये

फिल्टरने अक्षरे अडवून रकान्यात अंकच ठेवता येतील, हे खरे. पण माउसचे उजवे बटण दाबून मेनूतून ‘पेस्ट’ निवडले, की मजकूर कीबोर्डच्या वाटेने येतच नाही, आणि कोडमधून रकान्यात घातलेला मजकूरही नाही. म्हणजे पडताळणी शेवटी ‘व्हॅलिडेटिंग’मध्ये करावीच लागते, टाइप करणाऱ्याला लगेच अडवायचे असेल, तर त्या एका कंट्रोलचा ‘कीप्रेस’ पुरेसा आहे.

तेथेही मराठी वापरकर्त्यांमुळे एक सापळा आहे. ‘चार.इझडिजिट’ हे कार्य देवनागरी अंकांनाही होकार देते, पण ‘इंट.पार्स’ ते वाचू शकत नाही आणि अपवाद फेकते. रकान्यात १२ देवनागरीत टाइप झाले, तपासणीतून पार पडले आणि जतन करताना प्रोग्राम कोसळला, असे त्यातून होते. देवनागरी अंक नाकारण्यापेक्षा ते स्वीकारून बदलून घ्यावेत, असे माझे मत आहे. युनिकोडमध्ये ० ते ९ हे २४०६ ते २४१५ या क्रमाने सलग आहेत. क्रमांकातून २४०६ वजा केले, की किंमत मिळते, किंवा ‘चार.गेटन्यूमरिकव्हॅल्यू’ तेच काम करते.

याच न्यायाने एका फॉर्मपुरत्या शॉर्टकटसाठी प्रोसेसकमांडकी आणि एका कंट्रोलच्या वागणुकीसाठी त्याचा विंडप्रॉक पुरतो. आपला प्रोग्राम समोर नसतानाही एखादी की हवी असेल, तर ‘रजिस्टरहॉटकी’ आहे. संपूर्ण संगणकाच्या की ऐकणारा हुक लावण्याआधी दोनदा विचार करावा, कारण कीलॉगरही नेमके तेच करतो आणि विषाणूरोधक प्रोग्राम त्याकडे त्याच नजरेने पाहू शकतो.

इतर चौकटींत

डब्ल्यूपीएफ या डॉट नेटमधल्या दुसऱ्या चौकटीत (फ्रेमवर्कमध्ये) ‘कंपोनंटडिस्पॅचर’चा ‘थ्रेडफिल्टरमेसेज’ हा इव्हेंट याच जागी असतो, पण तेथे संपूर्ण विंडोला मिळून सहसा एकच हँडल असल्यामुळे हँडलवरून कंट्रोल ओळखता येत नाही. ‘प्रीव्ह्यूकीडाउन’सारखे इव्हेंट तेथे अधिक सोयीचे. सी प्लस प्लसच्या चौकटींपैकी एमएफसीत ‘प्रीट्रान्सलेटमेसेज’ आणि क्यूटमध्ये ‘इन्स्टॉलइव्हेंटफिल्टर’ आहे. क्यूटमध्ये ट्रूचा अर्थ तोच असला, तरी शेवटी बसवलेला फिल्टर आधी चालतो, हा क्रम विनफॉर्म्सच्या उलट आहे. शोध घेताना आयमेसेजफिल्टर याच नावाचा, विंडोजच्या कॉम या तंत्राचा एक इंटरफेस सापडतो. तो एक्सेलसारखा प्रोग्राम व्यस्त असताना नाकारलेली हाक पुन्हा करण्यासाठी असतो, त्याचा येथे संबंध नाही.

तपासणी

फिल्टरमध्ये ब्रेकपॉइंट लावून काही हाती लागत नाही, कारण थांबलेल्या डीबगरकडे जाताना हललेला माउससुद्धा संदेश निर्माण करतो. त्याऐवजी क्रमांक, हँडल आणि दोन्ही मूल्ये ‘डीबग.राइटलाइन’ने लिहावीत आणि ५१२ वगळावा, नाहीतर बाकीचे त्याखाली गाडले जातात. प्रोग्राम दुकानात नेण्यापूर्वी मेसेजबॉक्स उघडा ठेवून स्कॅन करावे, शोडायलॉगचा फॉर्म उघडा ठेवून स्कॅन करावे, मराठी लेआउट निवडून स्कॅन करावे, आणि फोकस बटणावर, ग्रिडच्या कोठ्यात व ड्रॉपडाउनमध्ये असताना तेच करावे. मेसेजबॉक्सच्या वेळी फिल्टर झोपलेला असल्यामुळे स्कॅनरचा एंटर त्या पाटीवरील ‘होय’ दाबून मोकळा होतो. ज्या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर नुकसान करू शकते, त्याचे डीफॉल्ट बटण ‘नाही’ ठेवावे किंवा तो प्रश्न आपल्या फॉर्ममधूनच विचारावा. एखादा संदेश रांगेतून आला की थेट पाठवला गेला, हे पाहायचे असेल, तर व्हिज्युअल स्टुडिओबरोबर मिळणारे ‘स्पाय प्लस प्लस’ वापरावे: त्याच्या नोंदीत रांगेतल्या संदेशापुढे पी आणि थेट पाठवलेल्यापुढे एस हे अक्षर दिसते. आपला प्रोग्राम ६४ बिटचा असेल, तर या साधनाचीही ६४ बिटची आवृत्ती उघडावी.